खवट

ब्रुनो नावाचा फिटर आला होता मशीन बसवायला,
नाशिकरोडला, आमच्या प्रेसमध्ये. सत्त्याऐंशी साल असेल.
जाताना त्यानं मला पत्र्याचा एक डबा दिला.
गेटवरच्या झडतीत शिपायानं तो उघडला,
आतली बिस्किटं मोजली, बावीस,
रजिस्टरात लिहिली, मग सोडलं.

एकेक बिस्किट पातळ कागदात गुंडाळलेलं.
मी आधी कागदच उजेडाला धरून पाहिला.
सवय.
हेमलतानं एक तोंडात टाकलं
आणि मोरीकडे धावली : "अहो, खवट आहेत!"
उरलेली मी एकट्यानं पुरवून पुरवून खाल्ली.

आता पेन्शन आहे, नातवाचा ओव्हन आहे.
तो पुण्याला गेला, ओव्हन राहिला.
भद्रकालीतून बदाम आणले, रात्री भिजत घातले.
सकाळी चिमटीत दाबला की सुळकन सुटतो,
एक तर थेट कॅलेंडरवर, चतुर्थीच्या चौकोनात.
हेमलता हसली. घरात अंडी आणली म्हणून
कालपासून अबोला होता, तो तिथं सुटला.
"पांढरंच घेणार आहे," मी म्हणालो,
जणू त्यानं पाप निम्मं होतं.

कडू बदाम मात्र मिळेनात.
"कडू कशाला, काका? लोक परत आणून देतात."
मग जर्दाळू घेतले, बत्त्यानं बिया फोडल्या,
कण कण चाखत गेलो :
गोड, गोड, परत गोड,
आणि मग ती एक, जीभ आकसवणारी.
तीच हवी होती. अशा चार मिळाल्या.
गोड सगळ्या शेजारच्या पोरानं नेल्या.

वर तडे गेले पाहिजेत, असं कृतीत लिहिलंय.
एकतीस वर्षं मी
तडा, डाग, केसभर सरकलेली रेघ
हुडकून लाल पेन्सिलीनं बाद करत आलो.
आज ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलो
तडा कधी जातो म्हणून.

अकराव्या मिनिटाला ओरडलो, "गेला!"
ती हातातली भाजी टाकून धावत आली,
"कोण?"
या वयात असं ओरडू नये माणसानं.
दोघं मग खालीच बसलो, फरशीवर,
गरम काचेसमोर, हसू ओसरेपर्यंत.

निवायच्या आधीच तिनं एक उचललं.
बराच वेळ चावत राहिली.
"खवटच आहेत," म्हणाली,
आणि दुसऱ्याला हात घातला.

"किती झाली?"
"मोजली नाहीत."
"खोटं."
"एकोणीस," मी म्हणालो. "तुझी दोन धरून."