बाकी एकशे ऐंशी

चौगुल्यांचा ऋतुराज फोनवर सांगतो :
काकू, हिरवं नको, मागं रंकाळा येणार,
त्यात जलपर्णी, मिसळून जाल.
पांढरं नको, उन्हात पेटतं.
बारीक चौकडा तर नकोच, कॅमेऱ्याला मुंग्या येतात.
साडेपाचला संध्यामठाच्या बाजूला या,
ऊन तेव्हा गुळासारखं असतं.

गूळ कुठला, काकवी म्हण, मी म्हटलं.
हसला. त्याच्या आईचे ब्लाउज मीच शिवते,
छाती छत्तीस, बाही नऊ, मागून मटका गळा.

दुकानाच्या नव्या पाटीवर माझा फोटो हवा,
ही लेकीची टूम.
एकतीस वर्षं पाटीवर एक गोरी बाई होती,
कुठल्या कॅलेंडरातली कोण जाणे.
उन्हानं आधी तिचा पदर नेला, मग नाक.
गिऱ्हाइकं तरी येतच राहिली.

कपाट उघडलं.
साड्यांना तोटा नाही,
पण दुसऱ्यांच्या पिशव्या आधी, म्हणता म्हणता
माझे ब्लाउज सगळे एकाच मापाचे राहिले
आणि ते माप चाळिशीतलं.
निळा काखेत धरतो.
जांभळा हुकाशी भांडतो.
तपकिरी बसतो, पण तो मी मयताला घालते,
त्याला तीच सवय लागलीय.

जुईला म्हटलं, टेप घे, माझं माप काढ.
पोरगी थबकली. दोन वर्षांत तिनं
अर्धी मंगळवार पेठ मोजली,
मला हात लावायला मात्र लाजली.
काय करू गं, म्हटलं,
स्वतःची पाठ कुणाला मोजता येत नाही.
टेप गार लागली.
"काकू, उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे."
माहीत होतं. मशीनच्या बाजूचा.
गिऱ्हाइकाचं असं असलं, की मी गुपचूप
आतून पट्टी देते, बोलत नाही.
"वहीत काय लिहू?"
आहे तसं लिही.

आता नवा शिवायला वेळ कुठला? उद्याच फोटो.
तेव्हा माळ्यावरची ती पिशवी आठवली,
न नेलेल्या कपड्यांची.
दर दिवाळीनंतर दोन-चार उरतातच.
बदली होते, भांडण होतं, पोट सुटतं,
माणूस जातं.
मी टाकत नाही.

तळाशी डाळिंबी, बाहीला इरकली काठ,
गंजक्या टाचणीला चिठ्ठी :
वैजयंता, कसबा बावडा. आगाऊ सत्तर.
बाकी एकशे ऐंशी.
आठ वर्षं झाली.
भावाच्या लग्नात घालायचाय, घाई करा, म्हणाली होती.
दोनदा फोन लावला. मग नंबर लागेना.

घालून बघितला.
काखेत बसला, पाठीत बसला,
हूक आपणहून लागल्यासारखे लागले.
उजवा खांदासुद्धा.
जुई म्हणाली, काकू, तुमच्यासाठीच शिवल्यागत.
चिठ्ठी उलटी केली. मागं माझंच अक्षर :
उ. खांदा पाऊण कमी, पट्टी देणे.

मग जरा खाली बसले.
कसल्या कामानं उतरला असेल तिचा?
कळशी? पोर कडेवर? की माझ्यासारखंच
कुठलं तरी चाक?
मापं घेताना विचारायचं राहून गेलं.

रंकाळ्यावर ऊन खरंच काकवीसारखं होतं.
ऋतुराज म्हणाला, काकू, खांदा थोडा वर घ्या.
राहू दे, म्हटलं.
अहो, वाकडा दिसेल.
दिसू दे रे. दोघींचा आहे.
त्याला काय कळणार! त्यानं बटण दाबलं.

पाटी मोठी करायला सांगितलीय.
के.एम.टी.च्या खिडकीतून दिसली पाहिजे.
बघितलं तिनं, तर ओळखेल.
बाई आपला रंग विसरत नाही.
उतरेल, तरातरा येईल, भांडेल :
माझा ब्लाउज घालून फोटो काढता, शरम?
मी चहा सांगीन.
एकशे ऐंशी घेणार नाही.

घेईन.
नाहीतर पुन्हा येणार नाही ती.

ब्लाउज धुऊन, इस्त्री करून ठेवलाय.
एक हूक सैल होता, तो पक्का केला.