चौथा आठवडा

सोमवारी पहाटे पाच वीसला लोर्ना कुबिआक दाराची कडी काढते,
आणि आधी भांडण आत येतं,
माणसं त्याच्या मागून, टोप्या झटकत.

बाहेर नदीवर पांढरं काही तरंगतंय.
नवख्याला धुकं वाटेल. ती कागद गिरणीची वाफ आहे,
सडक्या अंड्याचा वास असलेली.
इथे कुणी नाक मुरडत नाही. पगाराचा वास तो.

टोबिन रॉडेक, वय तेवीस.
चार सामने. एक जिंकला.
सात वेळा चेंडू थेट शत्रूच्या छातीवर.

"सात!" डॅरेल ऊस्टडाइक बोटं वर करतो.
डाव्या हाताची तीन, कारण दोन मशीनने नेली
ज्या वर्षी त्याची मुलगी जन्मली;
म्हणून उजव्या हाताची चार.
त्याचं सात आमच्या सातापेक्षा वेगळं दिसतं,
पण भरतं तेवढंच.

"त्यातले तीन तर झेलणाऱ्याच्या हातून उडालेले,"
ग्रेटा स्टेन्झेल म्हणते. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिने,
निवृत्त झाली, झोप मात्र अजून साडेचारलाच मोडते.
"वाढणाऱ्याने वाढलं, याने ताट उलटं धरलं,
आणि बोंब कोणाच्या नावाने?"

"नाचता येईना," डॅरेल म्हणतो, "आणि म्हणे अंगण वाकडं."
"अंगण वाकडंच आहे! डावीकडची फळी बघ,
त्या पोराला अडीच सेकंद मिळत नाहीत.
अडीच सेकंदांत तू साखरेची पुडी फोडून दाखव."

डॅरेल फोडायला घेतो.
साखर टेबलभर.
मी काउंटरमागे अंडी परततोय, हसू आवरतोय.
मला कुणी मत विचारत नाही, मीही देत नाही;
तव्यावरून एवढंच कळलंय
की जिंकलो की 'आपण', आणि हरला की 'तो'.

मग जुन्याची आठवण निघतेच. पंधरा वर्षं खेळलेला तो जुना,
ज्याचा गुडघा जानेवारीत गेला.
त्यानेही पहिल्या वर्षी काय दिवे लावले होते
हे कुणाला आठवत नाही.
ग्रेटाला आठवतं. ती आकडे सांगते.
डॅरेल कॉफीत बघत राहतो,
जणू आकडे तिथे विरघळतील.

शेवटच्या स्टुलावर कोउ मुआ. संत्र्याचा रस, अर्धा.
गिरणीत त्याचाही हा पाचवा आठवडा सुरू होतोय,
तीन नंबरच्या मशीनवर, डॅरेलच्या हाताखाली.
शुक्रवारी पुन्हा कागद तुटला.
चाळीस मिनिटं मशीन गप्प, ओला लगदा जमिनीवर,
आणि फोरमन जिना उतरत आलेला.
डॅरेल म्हणाला होता, "माझाच हात लागला, चुकून."
हे मला कोउने सांगितलं, शनिवारी, कुणी नसताना.
कितव्यांदा तुटला, मी विचारलं.
तो म्हणाला, मोजणं सोडलं. मग म्हणाला, सहाव्यांदा.

"बेंचवर बसवा त्याला," डॅरेल म्हणतोय,
"दया वगैरे बालवाडीत."
ग्रेटा त्याच्याकडे बघते. मग कोउकडे.
गावातली कुठली गोष्ट तिच्या बसमध्ये चढली नाही कधी?
पण ती लोण्याची वाटी पुढे सरकवते फक्त.

सहाला दहा कमी.
डॅरेल उठतो, दोघांचे पैसे ठेवतो,
कोउच्या पाठीवर तीन बोटांची थाप देतो.
"चल. आज सुरुवात तू कर. मी मागे उभा आहे."

दारात वळतो, आणि ग्रेटाला ओरडून सांगतो,
"पुढचा रविवार! एवढा एकच बघणार मी!"

"मागच्या सोमवारी हेच म्हणालास," लोर्ना म्हणते,
टेबलावरची साखर फडक्यात गोळा करत.