सोगडु

पहिलं वर्ष काहीच पेरलं नाही.
येळ्ळूर रस्त्याला तीन गुंठे,
वरनं बघणारा राजहंसगड,
आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर वही.
"फौंड्रीची उष्णता डोसक्यात शिरलीय ह्याच्या."
म्हणोत की.

एकतीस वर्षं उद्यमबागेत साचे भरले.
रस ओतायच्या आधी बघायचं असतं,
कुठून शिरेल, कुठं वळेल,
कोणत्या कोपऱ्यात अडून थंड होईल.
तेच पाण्याला विचारलं.
पाण्यानं उत्तराला
अख्खा पावसाळा घेतला.

मग उताराला आडवे चर, पोटरीभर खोल.
मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात,
केळीखाली अळू,
अळूखाली बेडूक.
बेडूक मी लावलेला नाही.

तांबडी माती उघडी दिसली
की आता कसंतरीच होतं,
झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सरकल्यागत.
भाताचं काड घालतो, उसाचं पाचट घालतो.
झाडूवाला इराप्पा रस्त्याकडंचा पाला
आधी पेटवून द्यायचा,
आता फाटकाशी पोतं टेकवून
सायकलची घंटी मारतो.

कुंपणापलीकडं दुंडव्वा.
तिनं एकदा बियांची पुडी दिली,
कॅलेंडरच्या कागदाची,
वर पेन्सिलीनं कन्नडात काहीतरी.
मला बसची पाटी वाचता येते, तेवढंच.
त्या दिवशी विचारायचं राहिलं,
मग विचारायची लाज वाटाय लागली.
मक्याच्या बुडात खोचल्या बिया.
कणसं काढली, ताटं ठेवली तशीच,
वेल त्यांच्यावर चढला, काही न सांगता.

मार्गशीर्षात, थंडी चांगली पडल्यावर,
एका रात्री परसात वास उभा राहिला.
तेलकट, हिरवा,
दार उघडून बघावं असा.
सकाळी शेंग धरली तर बोटं चिकट.
पावटा!

"सोगडु," दुंडव्वा म्हणाली,
स्वतःची बोटं हुंगून दाखवत.
ह्या वासाला माझ्याकडं शब्द नव्हता.
तिचा घेतला.

मग धीर करून विचारलं,
पुडीवर काय लिहिलं होतं गं?
आठवून आठवून हसली.
"दुकानाची यादी ती.
साखर एक किलो, काडेपेटी."

वहीत पावट्याची नोंद केली.
खाली लिहिलं :
एका फावड्याला गांडुळं सात.
गेल्या साली दोन होती.
आणि शेंगांपैकी चौथाई
वाळायला वेलावरच ठेवल्यात.
पुडीसाठी कागद शोधतोय,
कोरा नको.