वारस नोंद

कोर्ट राजवाड्यातून विजयनगरला आलं
तेव्हा माझं टेबलही आलं, टेंपोत, पाय वर करून.
बत्तीस वर्षं बांध, भिंत, पोटगी, पाणंद
टाइप करतेय.
गेल्या साली शोएब सतारमेकर आला, मिरजेचा गोलकीपर.
उजवी करंगळी बाहेरच्या अंगाला वळलेली,
कुणाला तरी वाट दाखवत असल्यासारखी.

मावशी, दावा टाकायचाय.
कुणावर?
मालदीवच्या एका क्लबावर.
चतुःसीमा सांग, म्हटलं सवयीनं.
तो हसला. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला समुद्र,
उत्तर-दक्षिणेलाही तोच.

करार चार पानी. सही कोचीच्या हॉटेलात,
एजंट सायप्रसचा, कायदा स्वित्झर्लंडचा,
पगार डॉलरात, त्यातले चार महिने थकलेले.
बोट मोडलं मालेत, जोडलं मिरजेत
आणि करार तुटला व्हॉट्सॲपवर :
दोन ओळी, खाली एक अंगठा.
आमच्याकडे अंगठा तो उठवतो
ज्याला सही येत नाही.

पहिली प्रत मी मराठीतच काढली.
तक्रार मला दुसऱ्या भाषेत सुचत नाही.
अर्जदार वय सव्वीस, धंदा गोल राखणे,
नम्र निवेदन खालीलप्रमाणे.
मग मृणाल मगदूम वकिलीण बसली लॅपटॉप घेऊन.
तिकडं इंग्रजी चालतं, फ्रेंच चालतं, स्पॅनिशही.
बोट गेलं पलीकडं, पगार गेला, एक्स-रे गेला.
‘मनस्तापापोटी’ जाईना.
तिनं एक शब्द लिहिला, खोडला, दुसरा लिहिला, खोडला.
म्हणाली, राहू दे, त्याला तिथं रकाना नाही.
तो माझ्याच प्रतीत राहिला.

तारीख कधीची? तारीख नाही.
पिंजरा? नाही. पुकारा?
तोही नाही, काकू, सगळं कागदावर.
असलं कसलं कोर्ट,
दारात चहावाला नाही, स्टॅम्पवाला नाही,
व्हरांडाच नाही.
मग भांडणं मिटतात कुठं?
आमची निम्मी तर व्हरांड्यातच मिटतात,
आत नुसती नोंदवायला जातात.

सात महिन्यांनी निकाल आला, मेलवर, रात्री.
शोएब जिंकला.
पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या,
नाहीतर नवा खेळाडू घेता येणार नाही.
म्हणजे पाणी तोडणार, मी म्हटलं. मृणाल म्हणाली, तसंच.

चव्वेचाळिसाव्या दिवशी क्लबच वारला.
त्याच मैदानात, त्याच निळ्या बनियनीत,
तोच मासा छातीवर लावून
वेगळ्या नावाचा क्लब खेळायला उतरला.
आम्ही ते नव्हेच, म्हणाला.

मृणाल कपाळाला हात लावून बसली.
मी रिबन बदलत होते, काळ्या बोटांनीच विचारलं,
मैदान तेच? मासा तोच?
बॉल आणून देणारी पोरंही तीच?
अगं मग खातेदार मेला म्हणून
सोसायटीचा बोजा मेला का कधी सातबाऱ्यावरचा?
वारस आहे हा. वारस नोंद घाल.

तिनं शोधलं. तिकडंही हे निघालं,
नाव मोठं, अर्थ आपल्या तलाठ्याचाच.
अर्ज गेला. तीन पानं, पानाला तीस रुपये.
घेतले मी, सोडले नाहीत.

जुने बेलीफ इनामदार म्हणायचे,
दावा जिंकणं म्हणजे लग्न,
दरखास्त म्हणजे संसार.
हे झुरिकमधल्या कुणाला ठाऊक आहे की नाही
कळायला मार्ग नाही.

शोएब वडिलांच्या दुकानात भोपळे निवडतो आता.
वाकड्या करंगळीनं ठोकतो, कान लावतो,
वाजेल तो ठेवतो.
सांगलीला काही काम निघालं की इथं डोकावतो.
मावशी, आलं का काही?
मोबाईल बघ बाबा, तुझं कोर्ट तुझ्या खिशात.

एवढ्यात आतून पट्टेवाला
कुठल्यातरी भलत्याच माणसाचं नाव पुकारतो,
तीनदा, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं,
आणि शोएब
अर्धा उठून उभा राहतो.