मागनं येलालंय

वायरमनचा कोर्स, भाग अकरावा,
घरातलं वायरिंग, बावीस मिनिटं.
सर म्हणतात, "आधी मेन बंद करा,"
आणि खालच्या पट्टीवर ते उमटेपर्यंत
त्यांच्या पक्कडीनं तार
सोलूनही झालेली असते.

ज्याला ऐकू येतं त्याला काय,
तो पट्टीकडं बघतच नाही.
पण बार्शीकडचा, मोहोळकडचा
एखादा पोरगा असेल कानानं अधू,
तो हात बघून हात घालणार
आणि इशारा नंतर वाचणार.

म्हणून मी परत पहिल्यापासून.
सोलापूरचा मे, वर पत्रा,
पंखा बंद, त्याची घरघर हेडफोनमध्ये शिरते.
मिनिटाला अठरा रुपये.
घसरलेलं जुळवायचे वेगळे मिळत नाहीत.

सहाव्या मिनिटापर्यंत सगळं नीट,
ओठ उघडले की अक्षर हजर.
मग कुठंतरी निसटतं.
ते कुठं, हे सापडायला दोन दिवस गेले:
पुण्याच्या ऑफिसात कुणीतरी सरांचा खोकला कापला,
त्यामागचं "पाणी दे रे जरा" पण कापलं.
व्हिडिओतनं खोकला गेला.
माझ्या फायलीत त्याची जागा तशीच,
साडेतीन सेकंदांची,
पंगतीत न आलेल्याचं पान
वाढून ठेवल्यासारखी.
त्याच्यापुढचे सगळे मग
एकेक घास उशिरा.

हे मला कळायच्या आधी
नायनांना कळलं होतं.
नायना म्हणजे माझे वडील, राजय्या इराबत्ती,
अडतीस वर्षं यंत्रमागावर.
पीएफ मिळाला, कान नाही मिळाले परत.
ते माझ्या मागं खुर्चीत बसून बघत होते,
म्हणाले, "खालचं मागनं येलालंय की गं."
तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं,
नुसत्या ओठांनी, घरात आम्ही तसंच बोलतो.
"तोंड मिटलं त्याचं कवाच.
हे अजून लिहिलालंय."

कारखान्यात चोवीस माग एकदम सुरू,
तिथं कोण कुणाचं ऐकणार?
तार तुटली, मुकादम आला,
तंबाखू आहे का,
पोरगी पास झाली,
सगळं ओठांवर, तेलुगूत, आवाज न काढता.
मराठी ओठ त्यांना जरा जड जातात,
पण उघडलेलं तोंड आणि मिटलेलं तोंड
कुठल्याही भाषेत ओळखतात.

तेव्हापासून दोघं बसतो.
मी कानाला लावून, आवाजाची वेडीवाकडी रेघ बघत,
ते आवाजाशिवाय.
मी ओळ पुढं सरकवते, सेकंदाचा दहावा भाग,
ते बोट हलवतात, अजून.
अजून.
मग तळहात, बस्स.
चादरीत एक आडवा धागा चुकला, ते सांगतात,
तर मोराची मान तुटून शेजारी पडायची,
आणि दिवसाचे पैसे कापायचे.

एकदाच भांडलो.
"मेन बंद करा" ही ओळ मी
सरांच्या ओठांवर अगदी बरोबर बसवली होती.
नायनांचं बोट हललं, आधी.
म्हटलं, बरोबर आहे, आवाज इथंच सुरू होतो.
"आधी घे."
नियमात बसत नाही, नायना.
ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले,
पट्टा तुटायला आला की
समोरच्याला ओरडून कळायचं नाही,
ओठ वाचायला तो बघत नसायचा.
हाताला येईल ती कांडी
फेकून मारायचो पाठीत.
माणूस आधी बाजूला व्हायचा,
शिवी नंतर द्यायचा.

रात्री अकराला फाईल पाठवली.
ती एक ओळ आवाजाच्या
चार दशांश सेकंद आधी.
तपासणारा परत पाठवेल, चूक म्हणून लाल करून.
पाठवू दे.

भाग बारावा. अर्थिंग.
नायनांनी खुर्ची पुढं ओढली,
तिचा आवाज फक्त मी ऐकला.