बशी-बशीने

अदलियाच्या त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही
असं मार्चमध्ये आमचं एकमताने ठरलं.
लग्नाच्या बावीस वर्षांत
माझं नि श्रीरंगचं इतक्या पटकन
कशावरच जमलं नव्हतं.

चुकलं नव्हतं काय?
वाईन कोमट, कुणी खिशातून आणल्यासारखी.
बटाट्याचं ऑम्लेट मधोमध कच्चं, कडेला कोळसा.
ऑलिव्ह मोजून पाच, आणि आम्ही दोघं.
पाचव्यावरून बराच वेळ सभ्यपणा चालला.
बिल मात्र वेळेवर आलं,
तेवढंच काय ते गरमागरम.

मी ऑडिटर. चुका मला शोधाव्या लागत नाहीत,
दाताखाली खडा यावा तशा त्या आपणहून येतात.
घरी येईपर्यंत गाडीत मी सगळी यादी म्हणून दाखवली.
श्रीरंग हसत होता.
बऱ्याच दिवसांनी.

या सोमवारी माझ्या हातून एक शून्य जास्तीचं पडलं.
कागद बँकेत जायच्या आत फादियाने धरलं.
ती बसलेली, मी उभी,
आणि तोंडात तयार माफी, इंग्रजीत, तीन परिच्छेदांची.
तिने फाईल मिटली.
खजुराचं तबक माझ्याकडे सरकवलं.
"आधी खा. मग दुरुस्त कर."
माझे तिन्ही परिच्छेद वाया.

तेव्हापासून बी तोंडात घोळवल्यासारखं
काहीतरी घोळवत हिंडत होते.

गुरुवारी श्रीरंग पुलापलीकडे, दम्मामच्या साईटवर.
बाहेर वारा धूळ घेऊन सुटलेला,
रस्त्यावरचे दिवे हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखे.
मी पायांना विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी
असल्या ठिकाणी पहिल्यांदा एकटीने खुर्ची ओढली.
समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवली,
कुणी येणार आहे असं वाटावं म्हणून.
मग उचलून मांडीवर घेतली.

दिलमायाने, नाव तिच्या छातीवरच्या पट्टीवर होतं,
लगेच ओळखलं.
"मॅडम, त्या रात्रीच्या."
आता लाजायचं कुणी, तिने की मी?
थोडं थोडं वाटून घेतलं.
मग ती हिंदीत हळूच म्हणाली,
त्या दिवशी चार वाजता शेफ विमानतळावर निघून गेला.
तुमचं जेवण सुमिंदाने केलं,
तीनपर्यंत तो भांडी घासत होता.
"आणि आता?"
"आता तोच."

ऑम्लेट आलं. सुरी घातली,
मधला भाग थरथरला, पण ओघळला नाही.
सिरक्यातले चिमुकले मासे,
आमच्या मांदेलीच्याच कुळातले,
फक्त सासर लांबचं मिळालेलं.
लसूण चोळलेला पाव, वर किसलेला टोमॅटो.
एक बशी संपली की दुसरी,
घाई नाही, ताट वाढून मोकळं होणं नाही.
वाईन गार. ग्लासालाच घाम फुटलेला.

क्रोकेटं मात्र खारट.
खारट म्हणजे चांगलीच खारट,
समुद्र दोन गल्ल्यांवर आहे हे सांगायची गरज नव्हती.

"मीठ जास्त झालंय, सांग त्याला," म्हटलं, "पण बाकी..."
बाकीचं हिंदीत सापडेना, इंग्रजीतही.
ऑम्लेटची बशी उचलून दाखवली,
पावाने पुसून लख्ख केलेली.

स्वयंपाकघराच्या झरोक्यात एक डोकं आलं.
कोपराने कपाळ पुसत त्याने
आधी बशीकडे बघितलं,
मग बऱ्याच वेळाने माझ्याकडे.
ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.
सोमवारी, साडेदहाला,
मीही खजुराकडेच आधी बघितलं होतं.

ऑलिव्ह अजून पाचच.
मोजले, सवयच ती.
पाचवं शेवटपर्यंत बशीत फिरवत राहिले,
मग खाल्लं.

बाहेर पडताना श्रीरंगचा फोन.
काय जेवलीस?
बटाटा, म्हटलं.
त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.