पहिल्या टप्प्यात बारा जण

क्लाक्सविकला जानेवारीत सकाळी नऊला अंधारच असतो.
फेरो बेटांवर उजेडाची कुणी घाई करत नाही.
बैठकीच्या खोलीत कॉफीचा थर्मास
आणि भिंतीवर माझा तक्ता :
चारशे सोळा यंत्रं, चार टप्पे, तीन महिने.
लॅपटॉप, टॅबलेट, गोदामातल्या काट्यांना जोडलेले संगणक,
सॅमनच्या पिंजऱ्यांपाशी तरंगणाऱ्या खाद्यनौकांवरचे
खारट बोटांनी पिवळे पडलेले कीबोर्ड.
सगळ्यांवर एकच सॉफ्टवेअर बसणार,
सगळी यंत्रं रोज हजेरी देणार,
सगळ्यांना एकाच पद्धतीचं कुलूप, आणि किल्ली
माझ्याकडे.
हे शेवटचं मी जरा हळू आवाजात वाचलं.

नुसत्या मोजणीत दोन आठवडे गेले.
खरेदीच्या नोंदीत चारशे सोळा, हाती लागली चारशे नऊ.
एक लॅपटॉप सापडला जाळी शिवणाऱ्यांच्या शेडमध्ये,
दाराला पाचर म्हणून.
दुसरा होगनीच्या मुलीकडे, शाळेच्या अर्ध्या निबंधासकट.
"परत हवाय का लगेच?" होगनीनं विचारलं,
"निबंध सोमवारी द्यायचाय."
मी रकान्यात लिहिलं : सोमवारनंतर.
उरलेल्या पाचांचं समुद्राला विचार,
असं प्रत्येक नौकेवरून उत्तर आलं,
आणि प्रत्येक वेळी मागे कुणीतरी हसलं.

पहिला टप्पा बाराच जणांचा.
शितावरून भाताची परीक्षा.
पण शितं निवडायला बसलो तेव्हा कळलं,
एकाच हंड्यातला भात सारखा शिजत नाही.
हिशेबातली रान्वा, 'मान्य आहे' वर टिचकी मारण्याआधी
अठ्ठावीस पानं छापून घेणारी,
समासात पेन्सिलीनं प्रश्न काढणारी.
ब्रांदुर, न वाचता मारणारा,
मग फोन करून विचारणारा, "मी काय मान्य केलं?"
दोघंही घेतले.

तूरी कामगारांच्या वतीनं आली, कोट न काढता बसली.
"मी कुठे आहे ते हे दाखवतं?"
"दाखवू शकतं."
"दाखवेल?"
'शकतं' आणि 'दाखवेल' यांच्यामधल्या फटीत
आमच्या चार बैठका पडल्या.
पाचवीत ठरलं : ठिकाणाची नोंद बंद. सगळ्यांची. कायमची.
मी तिच्यासमोर बटण डावीकडे सरकवलं.
ती वाकून पाहत होती,
वजन करताना गिऱ्हाईक काट्याकडे बघतं तशी.

त्याच रात्री हाइनीचा फोन.
खाद्यनौकेवरून, मधे मधे वारा.
"माझं चालू ठेव."
"अरे, सगळ्यांसाठी ठरलंय."
"गेल्या फेब्रुवारीत छोट्या बोटीचा दोर तुटला,
दोन तास धुक्यात वाहत होतो.
मी कुठे आहे ते मलाच ठाऊक नव्हतं.
कुणाला तरी ठाऊक असलेलं बरं."
मी त्याला समजावलं,
की हा टॅबलेट म्हणजे काही जीवरक्षक जाकीट नाही,
नेटवर्क गेलं की आम्हीही आंधळे.
"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तरी."

त्या 'तरी'साठी वेगळा गट काढावा लागला.
नाव विचारणाऱ्या चौकटीत आधी 'अपवाद' लिहिलं,
खोडलं,
'धुकं' लिहिलं.
गटात यंत्र एक.
मंगळवारी सात. शुक्रवारी एकोणीस,
प्रत्येकाची सही घेतलेली यादी तूरीनंच आणून दिली,
टेबलावर पालथी ठेवली,
वर तिसरं नाव तिच्या भावाचं,
आणि बोलली मात्र पार्किंगमधल्या बर्फाबद्दल.

उद्या सुरुवात.
बारांतला बारावा मी.
आत्ता हे लिहिताना पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उगवली :
हे यंत्र आता कंपनीच्या व्यवस्थेखाली आहे.
पंधरा मिनिटांत बंद होऊन पुन्हा सुरू होईल.
पुढे ढकलण्याची सोय नाही.
मजकूर माझाच.
शेवटी 'कृपया थांबा' होतं, चौकटीत मावेना,
तेव्हा 'कृपया' मीच काढलं.
अकरा मिनिटं राहिलीत.